शेवाळ राहू दे, आधी पान बघा

माशांच्या टाकीत शेवाळ आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, कुठलं औषध टाकू? उत्तरंही ठरलेलीच, कोणी म्हणतं लाईट कमी करा, कोणी म्हणतं खत बंद करा, कोणी म्हणतं शेवाळ खाणारा एक प्लेको मासा आणून सोडा, आणि माणूस वैतागून एकाच संध्याकाळी हे सगळं करून टाकतो. मग काही दिवसांनी बघावं तर शेवाळ आहे तिथेच आणि झाडं मात्र पिवळी पडलेली. माझं म्हणणं एवढंच आहे की प्लांटेड टँकमध्ये, म्हणजे माशांबरोबर पाण्यातली झाडंही वाढवलेल्या टाकीत, शेवाळाकडे नंतर बघा, ते ज्या पानावर बसलंय त्या पानाकडे आधी बघा. बहुतेक वेळा ते पान शेवाळ यायच्या आधीपासूनच खंगलेलं असतं.

शेवाळाचे बीजाणू सगळीकडे असतात. नवीन झाडाच्या मुळांना चिकटून येतात, माशांच्या पिशवीतल्या पाण्यातून येतात, ओल्या जाळीवरून एका टाकीतून दुसऱ्या टाकीत जातात, त्यामुळे शेवाळ अजिबातच नको हा हट्ट सोडलेला बरा. प्रश्न असतो तो ते कुठे बसतं आणि किती टिकतं याचा. जोमात वाढणाऱ्या कोवळ्या पानावर शेवाळ सहसा ठाण मांडत नाही. जे पान म्हातारं झालंय, ज्याला पोटॅशियम कमी पडून बारीक भोकं पडलीत, ज्याच्यावर वरच्या झाडांची सावली पडून ते खालीच कुजायला लागलंय, तिथे ते पहिलं बसतं. अशा पानातून बारीकसारीक सेंद्रिय माल पाण्यात झिरपत असतो, आणि शेवाळाला लागतं तेच.

नवीन टाकीत हे जास्त दिसतं त्याचंही एक कारण आहे. आपण विकत घेतो ती बरीचशी झाडं नर्सरीत पाण्याच्या वर वाढवलेली असतात, फक्त मुळं ओली आणि पानं हवेत. ती पानं पाण्यात बुडवली की झाड ती हळूहळू टाकून देतं आणि पाण्यातली नवी पानं काढतं. ह्या मधल्या काळात जुनी पानं काचेसारखी पारदर्शक होतात, मऊ पडतात, विरघळतात. लोकांना वाटतं झाड मेलं. मेलेलं नसतं, पण ती पानं तशीच कुजत ठेवली तर शेवाळाला आमंत्रणच आहे. कात्री घ्या आणि काढून टाका, जीव हळहळू देऊ नका.

आता ओळखायचं कसं. फोटोवरून नावं जुळवत बसण्यापेक्षा रात्री टाकीचा लाईट बंद झाल्यावर मोबाईलचा टॉर्च काचेला आडवा लावून बघा. वरून पडणाऱ्या उजेडात जे दिसत नाही ते आडव्या उजेडात लख्ख दिसतं, पानाची कड, देठाचा सांधा, दगडाची खाच, फिल्टरच्या पाईपचं तोंड. मग बोटाने पुसून बघा, पुसलं जातंय, खरवडावं लागतंय, की अख्खा पापुद्रा सुटून येतोय. मग वास घ्या. हसू नका, वासावरून निम्मं काम होतं.

बोटाने पुसल्यावर तपकिरी धूळ सहज निघाली तर ते डायटम, एक प्रकारचं एकपेशीय शेवाळ. नवीन टाकीत पहिल्या काही आठवड्यांत काचेवर, वाळूवर, पानांवर सगळीकडे चॉकलेटी थर येतो, त्यांच्या पेशींचं कवच सिलिकाचं असतं आणि पाण्यात, वाळूत सिलिकेट असतंच. यावर काही करायची गरज नाही. पुसा, पाणी बदला, टाकी स्थिरावली की आपोआप जातं. शेवाळ खाणारे छोटे ओटो मासे किंवा नेराइट गोगलगायी असतील तर अजून लवकर. जुन्या टाकीत अचानक परत आलं तर मात्र लाईट खूप अंधुक झालाय का, नाहीतर फिल्टर तुंबलाय का ते बघा.

बोटाने निघत नाही, नखाने खरवडावं लागतं, आणि गोल गोल हिरवे कडक ठिपके दिसतात ते ग्रीन स्पॉट. काचेवर आणि अनुबियासच्या पानांवर हमखास. अनुबियासवरच का, तर ते झाड इतकं सावकाश वाढतं की एक पान टाकीत वर्षभर सुद्धा राहतं, तेवढा वेळ एकाच जागी उजेड खात बसलेल्या कुठल्याही गोष्टीवर काहीतरी उगवणारच. म्हणून अनुबियास कधी टाकीच्या मधोमध थेट लाईटखाली लावायचं नाही, लाकडाच्या सावलीत लावायचं. काचेवरचे ठिपके ब्लेडने काढा, पण टाकी अॅक्रिलिकची असेल तर ब्लेड लावू नका, ओरखडे कायमचे राहतात. पानावरचे ठिपके निघत नाहीत, निघाले तरी पान फाटतं. ते पान कापायचं.

ग्रीन स्पॉटचं दुसरं कारण ऐकून बऱ्याच लोकांना धक्का बसतो, ते म्हणजे फॉस्फेट कमी पडणं. हो, कमी. शेवाळ म्हणजे खत जास्त झालं हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की खत वाढवा म्हटल्यावर लोक वेड्यात काढतात. हे असं डोक्यात बसायलाही इतिहास आहे. १९९० च्या दशकात पॉल सिअर्स आणि केविन कॉनलिन या दोन टाकीवाल्या छांदिष्टांनी असं मांडलं की पाण्यात फॉस्फेट जवळपास शून्यावर ठेवलं आणि बाकी सगळी खतं दिली तर झाडं वाढतात आणि शेवाळाची उपासमार होते. त्या काळी ते खूप गाजलं, कित्येकांच्या टाक्या त्यावर चालल्याही. पुढे पाण्यातल्या झाडांचे जाणकार टॉम बार यांनी मुद्दाम फॉस्फेट घालून बघितलं, आणि सीओटू (कार्बन डायऑक्साइड) व बाकीची खतं पुरेशी असलेल्या टाकीत शेवाळ काही आलं नाही, झाडं उलट जास्त जोमाने वाढली. त्यातूनच एस्टिमेटिव्ह इंडेक्स नावाची पद्धत आली, खतं थोडी जास्तच द्यायची आणि दर आठवड्याला निम्मं पाणी बदलून उरलेलं काढून टाकायचं. मला स्वतःला इतकं भरभरून खत घालायला आवडत नाही, पण मूळ मुद्दा पटतो. शेवाळाला लागतं ते इतकं थोडं असतं की तुम्ही झाडांना मारल्याशिवाय शेवाळाला उपाशी ठेवूच शकत नाही. नायट्रेट १० ते २० पीपीएम (दर लिटर पाण्यात तेवढे मिलिग्रॅम), फॉस्फेट १ ते २ पीपीएम असू द्या, नवे ठिपके येणं बरंच कमी होतं.

काचेवरच पण ठिपके नाहीत, सगळीकडे सारखी हिरवी धूळ, हात फिरवला की ढग उठतो आणि दुसऱ्या दिवशी काच परत हिरवी, हे ग्रीन डस्ट. यात रोज काच पुसणारा माणूस हरतो. पुसल्यावर पाण्यात उडालेल्या पेशी परत काचेवरच येऊन बसतात. तीनचार आठवडे काच तशीच ठेवायची, थर जाड होऊ द्यायचा, मग पाणी उतरवून एकदम खरवडून तो सगळा माल पाईपने बाहेर काढायचा. एवढे दिवस टाकी बघवत नाही हे मान्य, पाहुणे येणार असले की हात शिवशिवतात, पण थांबा.

आता केसांसारखी. हिरवे लांब धागे हा एकच प्रकार नाही हे आधी लक्षात घ्या. बोटात धरल्यावर बुळबुळीत लागतात, चमकदार पोपटी असतात आणि ओढले की सहज तुटतात ते बहुधा स्पायरोगायरा, तेच ते शाळेत मायक्रोस्कोपखाली आत हिरवी फीत गुंडाळलेली बघितलेलं. जरा खरखरीत, फांद्या फुटलेलं, ओढलं तरी तुटत नाही आणि कुबट वास येतो तो क्लॅडोफोरा. याचा भेद कशाला, तर स्पायरोगायरा टूथब्रशवर गुंडाळून काढता येतो आणि उरलेला लाईटचे तास कमी केले की मागे हटतो, क्लॅडोफोरा लाईट कमी केला, खत बदललं, काहीही केलं तरी ढिम्म हलत नाही. तो हातानेच, चिमट्याने, एक एक धागा, चिकाटीने. वाळूवर गालिच्यासारख्या पसरणाऱ्या कार्पेटच्या झाडात शिरला असेल तर ती जागा उपटून परत लावायची तयारी ठेवा, आणि मॉसमध्ये शिरला असेल तर मॉस फेकून द्या, खरंच सांगते, त्या दोघांना वेगळं करण्यात आयुष्य जाईल. अगदी बारीक लव असते पानाच्या कडेला, ती मात्र काही वाईट नाही, कोळंब्या खाऊन टाकतात.

आता मुख्य पाहुणा. काळी दाढी, ब्लॅक बिअर्ड, लोक नुसतं बीबीए म्हणतात. पानाच्या कडेवर, लाकडावर, फिल्टरच्या तोंडावर काळसर राखाडी झुपके, जवळून बघितलं तर प्रत्येक झुपका एकाच बुडातून निघालेला, पाण्याच्या प्रवाहात डोलणारा. हे दिसतं काळं पण आहे लाल शेवाळ. खात्री करायची असेल तर एक झुपका उपटून सर्जिकल स्पिरिटमध्ये टाकून ठेवा, हिरवं क्लोरोफिल स्पिरिटमध्ये उतरतं आणि मागे लालसर रंग उरतो. लाल शेवाळांचे बाकी बहुतेक भाऊबंद समुद्रात असतात, हे गोड्या पाण्यातले त्यातले थोडके.

दाढी का येते यावर हजार मतं आहेत, पण ज्यांच्याकडे पाण्यात सीओटू सोडायचा सिलेंडर आहे त्यांच्या टाकीत पहिला संशय मी सीओटूच्या चढउतारावर घेते. पाण्यात कुठलाही वायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो, आणि नुसतं हवेशी समतोल राखलेल्या पाण्यात सीओटू एक पीपीएमच्या आतच असतो. म्हणजे पाण्यातल्या झाडाची मुळात उपासमारच असते. आपण सिलेंडर लावून ते ३० पीपीएमपर्यंत नेतो, झाड त्या हिशेबाने आपलं काम जुळवून घेतं, आणि मग आपण सुट्टीच्या दिवशी झडप उघडायला विसरतो किंवा सिलेंडर संपत आलेला असतो नि बुडबुडे कमी झालेले लक्षात येत नाहीत. एका दिवसाने काही बिघडत नाही, पण रोजचा असा धरसोडपणा झाडाला झेपत नाही. त्यापेक्षा सीओटू नसलेली साधी टाकी बरी, तिथे कमी असतो पण रोज तेवढाच असतो.

इथे ड्रॉप चेकर, म्हणजे पाण्यातला सीओटू रंगावरून दाखवणारी टाकीत लावायची छोटी काचेची कुपी, फसवतो. त्यात ४ डीकेएचचं, म्हणजे ठरावीक कार्बोनेट कठीणपणाचं पाणी आणि ब्रोमोथायमॉल ब्लू हा रंग बदलणारा द्रव असतो, निळा म्हणजे सीओटू कमी, पोपटी म्हणजे ३० पीपीएमच्या आसपास, पिवळा म्हणजे मासे सांभाळा. पण त्याचा रंग बदलायला तासदोन तास लागतात. तो आत्ता जे दाखवतोय ते मघाचं आहे. संध्याकाळी पोपटी दिसला म्हणून खूश होऊ नका, लाईट लागतो त्या क्षणी पोपटी आहे का ते बघा. झाडाला सगळ्यात जास्त सीओटू लाईट लागल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत लागतो, म्हणून गॅस लाईटच्या एकदोन तास आधी सुरू व्हायला हवा आणि हे काम टायमरलाच द्यायचं, आपल्या आठवणीवर सोडायचं नाही. आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले तर रंग काहीही असो, गॅस बंद, हवेचा पंप चालू.

दुसरा संशय घाणीवर. फिल्टरच्या स्पंजमध्ये साचलेला गाळ, झाडांच्या बुडाशी अडकलेलं माशांचं खाणं, कुजलेली पानं. दाढी बऱ्याचदा प्रवाह जोरात असतो त्या जागी दिसते, आणि मग लोक प्रवाह कमी करतात, आणि टाकीचा लांबचा कोपरा अजूनच साचतो. असं करू नका. प्रवाह राहू द्या, घाण काढा.

आलेली दाढी जाणार कशी, तर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, जखमेवर लावतात तेच. बाटलीवर किती टक्के लिहिलंय ते आधी वाचा, ६ टक्क्यांचं असेल तर अर्धंच घ्यायचं. फिल्टर बंद करून पाणी स्थिर होऊ द्या, सिरिंजमध्ये भरून तोंड झुपक्याला जवळजवळ टेकवा आणि अगदी हळू सोडा. लगेच पानाच्या कडेवरून बारीक बुडबुड्यांची माळ वर जायला लागते, पेरॉक्साइड फुटून पाणी आणि ऑक्सिजन होतोय तो. दहा मिनिटांनी फिल्टर चालू. एका वेळी अख्ख्या टाकीला मिळून दर चार लिटर पाण्यामागे एक ते दीड मिलीच्या वर जाऊ नका, कोळंब्या असतील तर त्याहून कमी, आणि मॉसपासून लांब. त्या दिवशी काहीच झालं नाही असं वाटेल. दोनतीन दिवसांनी टॉर्च लावून बघा, काळा झुपका वाइनच्या रंगाचा गुलाबी झालेला असतो, मग पांढुरका पडतो, आणि तोवर ज्या कोळंब्यांनी त्याच्याकडे ढुंकून बघितलं नव्हतं त्या एकेक धागा तोडून खायला लागतात. गुलाबी नाही झाला तर नेम चुकलाय, परत सोडा.

लिक्विड कार्बन म्हणून जी बाटली मिळते त्यात बऱ्याचदा ग्लुटराल्डिहाइड किंवा त्याच जातीचं काहीतरी असतं, हॉस्पिटलात उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात ते. दाढीवर ते चालतं हे खरं, पण नावात कार्बन आहे म्हणून ते सीओटूला पर्याय आहे असं समजू नका. हातमोजे घाला, वाफ नाकात जाऊ देऊ नका, आणि टाकीत व्हॅलिस्नेरिया हे लांब पट्ट्यांसारख्या पानांचं झाड असेल तर वापरूच नका, त्याची पानं अक्षरशः विरघळून जातात.

सांबरशिंगासारख्या फांद्या फुटलेलं राखाडी स्टॅगहॉर्न हे दाढीचंच भावंड, तेही लाल शेवाळ, पेरॉक्साइडने तेही गुलाबी होतं. वेगळं असं काही करावं लागत नाही, फक्त ते आलं की मी आधी फिल्टर उघडते.

आता ज्याला शेवाळ म्हणतात पण जे शेवाळ नाहीच, ते म्हणजे निळं हिरवं. सायनोबॅक्टेरिया. वाळू आणि काच जिथे भेटतात त्या रेषेत किंवा कार्पेटवर निळसर हिरवा बुळबुळीत थर, बोट लावलं की ओल्या कागदासारखा अख्खा सुटून येतो, आणि वास असा की एकदा घेतला की परत कधी ओळखायला चुकणार नाही, गटार आणि माती यांच्या मधला काहीतरी. हे बॅक्टेरिया आहेत, प्रकाशसंश्लेषण करणारे. पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन साचायला सुरुवात झाली ती सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, आणि ती यांच्याच पूर्वजांमुळे, त्यामुळे थोडा आदर ठेवून, पण काढायचं. नायट्रेट शून्याला टेकलेलं असेल आणि एखाद्या कोपऱ्यात पाणी फिरत नसेल तर हे हमखास येतं. यातले काही तर पाण्यात विरघळलेला नायट्रोजन सुद्धा पकडू शकतात, म्हणजे तुम्ही नायट्रेट उपाशी ठेवून झाडांचा गळा दाबताय आणि यांना मैदान मोकळं करून देताय.

उपाय म्हणजे ब्लॅकआउट. थर पाईपने ओढून काढा, निम्मं पाणी बदला, सीओटू बंद, हवेच्या पंपाचा बुडबुडे सोडणारा दगड चालू, आणि टाकी जाड कापडाने पूर्ण झाकून तीनचार दिवस ठेवा, पूर्ण म्हणजे पूर्ण, मधे उघडून बघायचं नाही, खाणंही जवळजवळ बंद. मासे उपाशी मरत नाहीत एवढ्यात. उघडल्यावर परत निम्मं पाणी बदला कारण मेलेलं सगळं कुजून अमोनिया होणार, आणि मग नायट्रेट १० पीपीएमच्या वर आणून त्या कोपऱ्याकडे फिल्टरचं तोंड वळवा. एरिथ्रोमायसिन टाकून हे दोन दिवसात जातं हे मलाही माहिती आहे. तरी मी टाकत नाही. माणसाचं अँटिबायोटिक टाकीत ओतून ते पाणी मोरीत सोडायचं हे मला पटत नाही, आणि कोपरा साचलेलाच राहिला तर महिन्याभरात ते परत येतंच.

पाणीच हिरवं झालं, मासे दिसत नाहीत, तर ते पाण्यात तरंगणारं एकपेशीय शेवाळ. पाणी बदलून जात नाही, उरलेल्या पेशी दोन दिवसात तेवढ्याच होतात. ब्लॅकआउट करा किंवा पाणी ज्यातून फिरतं असा यूव्ही दिवा लावा. यूव्ही फक्त त्याच्यातून वाहून जाणाऱ्या पाण्यावर काम करतं, पानावर चिकटलेल्या शेवाळावर त्याचा काडीचा परिणाम होत नाही हे विकत घ्यायच्या आधी लक्षात असू द्या. टाकी खिडकीच्या उन्हात असेल तर आधी ती हलवा.

लाईटबद्दल मी थोडी हट्टी आहे. शेवाळाच्या शंभरातल्या नव्वद तक्रारीत मला लाईट जास्त आणि बाकी सगळं कमी असंच दिसतं. लाईट म्हणजे गाडीचा अॅक्सिलरेटर, तो दाबला की झाडाला सीओटूही जास्त लागतो, खतही जास्त लागतं, आणि ते मिळालं नाही की पान खंगतं, मग पुढची गोष्ट तुम्हाला माहितीच आहे. आणि बाजारातले एलईडी आता इतके जोरदार आलेत की पूर्ण लावून ठेवायची गरज क्वचितच पडते. वॅट बघून काही कळत नाही, जुन्या ट्यूबच्या वॅटचा हिशेब एलईडीला लागू होत नाही. नवीन टाकीला सहा तास, निम्म्या जोरावर. झाडं धरली, नवी पानं आली की मग आठ तासांपर्यंत, आणि जोर वाढवायचा तर थोडा थोडा. दहाबारा तास लाईट आपल्याला बघायला हवा असतो, झाडाला नाही. संध्याकाळी बघायचं असेल तर लाईट दुपारनंतर सुरू करा, माशांना घड्याळ कळत नाही.

सीओटू नसेल तर वरती तरंगणारी झाडं ठेवा, साल्विनिया, फ्रॉगबिट, काहीही. त्यांची पानं हवेत असतात त्यामुळे सीओटू त्यांना हवेतूनच फुकट मिळतो, ती भराभर वाढतात, पाण्यातला अमोनिया खेचून घेतात आणि वरून सावलीही देतात. फक्त दर आठवड्याला निम्मी काढून टाका, नाहीतर खालच्या झाडांना अंधार.

शेवाळ खाणाऱ्या मंडळींबद्दल लोकांच्या अपेक्षा जरा जास्तच असतात. आमानो कोळंबी खरंच कामाची आहे, तिला ज्यांच्या नावाने ओळखतात त्या ताकाशी आमानो यांनी १९८० च्या दशकात शेवाळ खाण्यासाठी म्हणूनच ती टाक्यांमध्ये आणली. ती गोड्या पाण्याच्या टाकीत वाढत नाही, पिल्लांना खारं पाणी लागतं, त्यामुळे आणाल तेवढ्याच राहणार. नेराइट गोगलगाय ग्रीन स्पॉट खाते, एवढा कडक प्रकार खाणारं दुसरं कोणी क्वचितच, पण लाकडावर पांढरी टणक अंडी ठिपक्याठिपक्यांनी घालून ठेवते, ती फुटत नाहीत आणि निघतही नाहीत. सियामी अल्गी ईटर दाढी खातो, लहान असेपर्यंत आणि दुसरं चांगलं खाणं मिळत नसेल तर. त्याच्या नावाखाली भलतेच मासे विकले जातात, अंगावरची काळी पट्टी थेट शेपटीच्या टोकापर्यंत गेलेली आणि पंख पारदर्शक आहेत का ते बघून घ्या. तोंड चिकटवून काचेला लटकणारा चायनीज अल्गी ईटर चुकूनही आणू नका, मोठा झाला की तो दुसऱ्या माशांच्या अंगाला चिकटतो. साधा प्लेको तर फूटभराचा होतो आणि शेवाळ खातो त्याच्या कितीतरी पट घाण करतो. तांबं असलेली शेवाळाची औषधं असतात ती टाकली तर ह्या सगळ्या कोळंब्या गोगलगायी जातात, त्यामुळे बाटलीवर कॉपर लिहिलंय का ते वाचल्याशिवाय झाकण उघडू नका.

एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि मग दोनतीन आठवडे तिला हात लावू नका. परिणाम जुन्या पानावर शोधायचा नाही, जुनं खराब पान कधी बरं होत नाही. बदल केल्यानंतर शेंड्याला जी नवी पानं आली ती बघायची, ती स्वच्छ असतील तर बरोबर चाललंय, मग खालची घाणेरडी पानं कापत जायची.

साप्ताहिक पाणी बदलायचा क्रमही ठरवून टाका कारण त्यावर बरंच अवलंबून असतं. फिल्टर बंद करून आधी काच खरवडायची, मग खराब पानं कापायची, मग पाईप लावून तो सगळा कचरा आणि झाडांच्या बुडातला गाळ पाण्याबरोबर ओढून काढायचा. पाणी निम्मं उतरलं की वरचं लाकूड, अनुबियासची पानं उघडी पडतात, पेरॉक्साइड मारायला ती सगळ्यात चांगली वेळ, ब्रशने थेट झुपक्यावर लावता येतं आणि औषध थोडंसंच पुरतं, पाचएक मिनिटं थांबून मग भरायचं. फिल्टरचा स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नळाखाली धरायचा नाही, क्लोरीनने त्यातले अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया मरतात आणि अमोनिया वाढून परत पहिल्यापासून सुरुवात. टाकी भरून फिल्टर चालू केला की त्याच्यापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातलं, खालचं एखादं पान हलतंय का बघा. हलत नसेल तर तोंड थोडं वळवा आणि परत बघा.